घरातला व्यायाम, दूरचा मार्गदर्शक आणि सोलापूरचा उन्हाळा

मंगळवेढा तालुक्यातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षण करण्यासाठी आम्ही गेलो होतो. परीक्षण आटोपल्यावर एक शिक्षिका बाजूला येऊन उभ्या राहिल्या. वय चौतीस-पस्तीसचे असावे. त्यांच्या हातात तीन झेरॉक्स पाने होती. पाने इंग्रजीत होती आणि त्यांवर हातपाय हलवणाऱ्या माणसांच्या रेखाकृती होत्या. बाई म्हणाल्या, "सर, मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. एका दवाखान्यातून हे व्यायाम दिलेत आणि मोबाइलवर एक व्हिडिओही पाठवलाय. पण हे केले की मला धूसर दिसायला लागतं, डावा पाय उचलत नाही. घरचे म्हणतात, बंद कर. बंद करू का?"

आमचे क्षेत्र जैवभौतिकीचे. वैद्यकीय सल्ला देण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि तसे आम्ही बाईंना सांगितले. पण एक प्रश्न मात्र विचारला : व्यायाम केव्हा करता? उत्तर असे आले की एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, साडेअकराला घरी येते, स्वयंपाकपाणी झाल्यावर साधारण एक वाजता माडीवरच्या खोलीत करते, कारण तेवढा एकच तास मोकळा आणि तेवढी एकच खोली रिकामी. ती खोली पत्र्याची!

एप्रिलमध्ये, दुपारी एक वाजता, सोलापूर जिल्ह्यात, पत्र्याखाली. त्या तीन पानांत तापमानाबद्दल एक अक्षरही नव्हते. व्हिडिओतील बाई हिरवळीवर, अंगात लोकरी जाकीट घालून व्यायाम करत होत्या. हा व्यायामक्रम कोणी, कोणासाठी रचला आणि तो इथवर येताना त्यातले काय गळले, हे पाहावे असे त्या दिवशी मनात आले. त्यातून पुढचे वाचन झाले.

प्रथम रोगाविषयी थोडे, कारण पुढची सगळी टीका त्यावर उभी आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील चेतातंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे आवेष्टन असते. ते सलग नसते. ठरावीक अंतराने त्यात उघड्या जागा असतात. विद्युत्-संदेश एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर जणू उड्या मारत जातो. त्यामुळे जाड, आवेष्टित तंतूंत त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास पोहोचतो. आवेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत तो सेकंदाला जेमतेम एक मीटर असतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा या आवेष्टनावरच हल्ला करते. जागोजागी ते झिजते आणि तेथे कठीण चट्टे पडतात. पॅरिसमधील झाँ मार्टिन शार्को यांनी 1868 मध्ये या विकाराचे नेटके वर्णन केले. कोणाची दृष्टी, कोणाचा तोल, कोणाचे पाय, कोणाचे मूत्राशय. चट्टा कोठे पडला यावर लक्षण ठरते. आणि जवळजवळ सर्वांना असतो तो थकवा, जो बाहेरून दिसत नाही आणि म्हणून कोणाला खरा वाटत नाही.

आता उष्णतेचा भाग. आवेष्टन झिजलेल्या तंतूत संदेश कसाबसा पुढे सरकत असतो. संदेश म्हणजे सोडियमचे आयन पेशीच्या आत घुसण्याची लाट. तापमान वाढले की या आयनांच्या वाटा अधिक लवकर मिटतात, लाट तोकडी पडते आणि झिजलेल्या पट्ट्याच्या पलीकडे पोहोचत नाही. निरोगी तंतूत मुळातच पुष्कळ शिल्लक असते म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. झिजलेल्या तंतूत मात्र अर्धा अंश सेल्सियसची वाढसुद्धा संदेश थांबवायला पुरते. शरीर थंड झाले की संदेश पुन्हा सुरू होतो, नवी इजा झालेली नसते.

जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी 1890 मध्ये हे लक्षण टिपले : काही रुग्णांना श्रम केले की तात्पुरते कमी दिसते. दोष श्रमांचा, असे त्यांना वाटले. तो उष्णतेचा आहे हे पुढे पुष्कळ वर्षांनी कळले. त्यानंतर काही काळ तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का हे पाहणे ही निदानाची एक रीतच होती. तरी श्रमांवरचा आळ पूर्ण गेला नाही. कित्येक दशके डॉक्टर या रुग्णांना सांगत राहिले, दमू नका, विश्रांती घ्या. विश्रांतीने स्नायू सुकले, वजन वाढले, तोल आणखी गेला आणि हे सगळे रोगाच्याच नावावर मांडले गेले. 1996 मध्ये अमेरिकेतील युटा येथे जॅक पेटाजन आणि सहकाऱ्यांनी 54 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून एका गटाला पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटांचा व्यायाम दिला. त्या गटाची क्षमता वाढली आणि रोग बळावला नाही. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांनी हेच दाखवले. आज सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्यांसाठी सर्वसाधारण शिफारस अशी आहे : आठवड्यातून दोनदा अर्धा तास मध्यम गतीचे चालणे किंवा तत्सम व्यायाम, आणि दोनदा स्नायूंना बळ देणारा व्यायाम. औषधांच्या ऐवजी नव्हे, औषधांच्या जोडीला.

मंगळवेढ्याच्या त्या घरी, म्हणजे, 1890 सालची चूक पुन्हा घडू पाहत होती.

आता अमेरिकेतील त्या कामाकडे वळू. घरबसल्या, दूरध्वनी किंवा पडद्यावरील भेटींतून मार्गदर्शन करून व्यायाम द्यायचा, ही रीत या रोगासाठी ज्यांनी सविस्तर बांधली त्यांत रॉबर्ट मोटल यांचे नाव आघाडीवर आहे. अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम येथील विद्यापीठात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चार महिन्यांचा क्रम तयार केला. रुग्णाला घरी एक पुस्तिका, पावले मोजणारे यंत्र आणि रबरी पट्टे पाठवायचे; मार्गदर्शकाने ठरावीक दिवशी त्याच्याशी बोलायचे; कितपत जमले, का जमले नाही, पुढच्या आठवड्यात काय, एवढेच. क्रम साधा आहे आणि त्यात तसे नवीन काही नाही. नवीन आहे ते पुढचे : हा क्रम त्यांनी अमेरिकेच्या आग्नेय भागातील, ग्रामीण, कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळा करून तपासायला घेतला.

वेगळा कशासाठी? इथे एक जुनी समजूत आड येत होती. मल्टिपल स्क्लेरोसिस हा थंड प्रदेशातल्या गोऱ्यांचा रोग, असे पाठ्यपुस्तके सांगत. अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून जॉन कर्ट्झके यांनी 1979 मध्ये दाखवले होते की कृष्णवर्णीय सैनिकांत त्याचा धोका गोऱ्यांच्या निम्म्याहून कमी दिसतो. आकडे खोटे नव्हते. पण 2012 मध्ये नंतरच्या पिढीतील सैनिकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा क्रम उलटा निघाला. 2013 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्य योजनेच्या सभासदांच्या नोंदींतून नव्या रुग्णांचे वार्षिक प्रमाण काढले गेले : कृष्णवर्णीयांत लाखात 10.2, गोऱ्यांत 6.9. त्यातही कृष्णवर्णीय स्त्रियांत ते सर्वाधिक होते. चार दशकांत रोग बदलला की पाहणारे बदलले? दोन्ही थोडे थोडे असेल. पण ज्याला रोग होत नाही असे डॉक्टर धरून चालतो, त्याच्यात तो सापडायला उशीर होतो, एवढे खरे. त्यात 2004 च्या एका अभ्यासानुसार कृष्णवर्णीय रुग्णांना चालताना काठीची गरज गोऱ्यांपेक्षा सरासरी सहा वर्षे आधी पडते. म्हणजे व्यायामाची गरज ज्यांना जास्त, त्यांचाच व्यायामाच्या संशोधनात भरणा कमी.

शिवाय अलाबामा म्हणजे टस्कीगी. याच राज्यात 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे चारशे उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून रोग कसा वाढतो याचे निरीक्षण केले होते. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरसुद्धा. ज्यांच्या आजोबांच्या बाबतीत हे घडले, त्यांच्या घरी "आम्ही विद्यापीठातून बोलतो" असा फोन गेला तर तो ठेवला जाण्याचीच शक्यता जास्त. म्हणून या संशोधकांनी आधी रुग्णांना विचारले : व्यायाम म्हटले की तुमच्या मनात काय येते, कोणी सांगितले तर ऐकाल, घरी कोण साथ देईल, काय आड येते? मग पुस्तिका रचली.

आमच्या मते या सगळ्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. पट्टे नव्हेत, पडदा नव्हे, हे विचारणे.

आता त्याच्या मर्यादा. घरून व्यायाम करण्याच्या अशा चाचण्या बहुतेक लहान असतात आणि त्यांचा प्रश्न असतो 'हे जमते का?' माणसे मिळतात का, शेवटपर्यंत टिकतात का, कोणाला इजा होते का. 'याने रोग्याचे जीवन सुधारते का?' हा वेगळा आणि मोठ्या चाचणीचा प्रश्न आहे. वर्तमानपत्रांत येताना पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून छापले जाते. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हा फरक असा सांगतो : बोट तरंगते हे पाहणे एक, ती पलीकडच्या तीरावर पोहोचली हे पाहणे दुसरे. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. आठवड्याला कोणी आपुलकीने फोन करते, चौकशी करते, एवढ्यानेच माणसाला बरे वाटू शकते. मग गुण व्यायामाचा की फोनचा? मोटल यांच्या गटाने काही चाचण्यांत तुलनागटालाही तितकेच फोन आणि हलके ताण देण्याचे व्यायाम दिले, हे चांगले केले. पण सगळेच तसे करत नाहीत. अशा अहवालात तुलनागट काय करत होता ही ओळ आधी शोधावी, असे आम्ही वाचकांना सुचवू. ती सापडली नाही तर पुढे वाचण्याची घाई नको.

तिसरी मर्यादा रुग्णांच्या निवडीची. अशा चाचणीत तोच येतो ज्याचे निदान झाले आहे, ज्याला चालता येते, ज्याच्याकडे फोन आहे आणि जो 'हो' म्हणतो. ज्याचे निदानच झाले नाही तो कोठल्याच गटात नसतो.

हे वाक्य लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे अलाबामा नव्हे, सोलापूर होते. कारण आपल्याकडेही हीच समजूत होती. भारतात हा रोग विरळा, असे आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो. मुंबईतील पारशी समाजात तो दिसतो हे मात्र मान्य होते. नोशीर वाडिया आणि भाटिया यांनी 1990 मध्ये पारशांतील प्रमाण उर्वरित भारतीयांपेक्षा पुष्कळ जास्त असल्याचे प्रसिद्ध केले आणि ते योग्यच होते. पण उर्वरितांचे जे प्रमाण धरले जाई, लाखात एकाच्या आसपास, ते मेंदूचे एमआरआय छायाचित्र निघण्याआधीच्या काळातले. छायाचित्रे निघू लागली तसे रुग्ण दिसू लागले. मंगळूर शहरात केलेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते लाखात सुमारे आठ भरले.

सोलापूर जिल्ह्याचे कोणी मोजलेले आमच्या वाचनात नाही. पण मंगळूरचा आकडा इथे लावून पाहायला हरकत नाही. वर्गात करण्याजोगे गणित आहे. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 43 लाख. लाखात आठ, म्हणजे सुमारे साडेतीनशे रुग्ण. शहराच्या साडेनऊ लाखांत पंचाहत्तर-ऐंशी. उरलेले दोनशे सत्तरच्या आसपास माणसे हजाराहून अधिक गावांत विखुरलेली. म्हणजे साधारण चार गावांमागे एक रुग्ण, तोही गावात एकटा. हा केवळ अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजले तर निम्मे निघतील किंवा दुप्पट. पण विरळ विखुरणे हा त्याचा गुणधर्म बदलणार नाही.

या विरळपणाचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे तालुक्याच्या गावी या रुग्णांसाठी खास केंद्र काढणे कधीच परवडणार नाही. अख्ख्या तालुक्यात तीसच रुग्ण असायचे. करमाळ्याहून सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. ज्याला थकव्याचाच रोग आहे त्याने आठवड्यातून दोनदा एसटीने एवढे यायचे आणि वर व्यायाम करायचा! तेव्हा दूरवरून मार्गदर्शन ही इथे चैन नाही, जवळजवळ एकमेव वाट आहे. दुसरे म्हणजे गावात कोणाला हे नाव ठाऊक नसते. अर्धांगवायू ठाऊक असतो, संधिवात ठाऊक असतो. सकाळी चालणारी बाई दुपारी भिंत धरून चालते, तेव्हा लोक म्हणतात की ही सोंग करते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत या रोगाचा नावानिशी समावेश झाला आहे. ग्रामपंचायतीत ते नाव वाचून दाखवले तर तेवढा तरी आधार मिळतो.

म्हणजे या रीतीची गरज आपल्याला अमेरिकेपेक्षा कमी नाही. आमची तक्रार आहे ती आपण काय उचलले याबद्दल. करोनाच्या काळात, मार्च 2020 मध्ये, दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे देशात आली, ई-संजीवनीसारखी सेवा खेडोपाडी पोहोचली, आणि व्यायामाचे व्हिडिओ पाठवण्याची सवय सगळीकडे पडली. पहिल्या दोन गोष्टी चांगल्याच झाल्या. पण व्हिडिओ पाठवणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. अमेरिकी क्रमातून आपण चित्रे घेतली आणि संभाषण सोडून दिले. शिक्षकांना याचे नवल वाटू नये. वर्गात न जाता नुसते पाठ्यपुस्तक वाटण्यासारखेच हे आहे.

विचारले असते तर काय कळले असते? सोलापूर शहराचे उदाहरण घ्या. इथे मराठीच्या बरोबरीने तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रिया घरीच काम करतात. त्यांचे घर हाच कारखाना, एका खोलीत सूप, तंबाखू, पाने, मुले आणि सासू. पाच-सहा तास मांडी घालून बसायचे. अशा बाईला 'घरी व्यायाम करा' म्हणणे म्हणजे तिच्या लेखी मजुरी बुडवा म्हणणे, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. पावले मोजण्याचे यंत्र तिला काय सांगणार? पण दर तासाला उठून दहा वेळा बसणे-उठणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, हे तिच्या कामात बसू शकते. बसते की नाही हे तिलाच विचारावे लागेल. खेड्यात अडचण निराळी. जमिनीवर बसून उठणे, उकिडवे बसणे, विहिरीवरून पाणी आणणे, ही तिथली रोजची कसोटी. पुस्तिकेतील व्यायाम खुर्चीवरून उठण्याचे. आणि "एवढं घरचं काम करते, वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न दर घरात येणार. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. घरकामाने दमायला होते. स्नायूंचे बळ मात्र भार हळूहळू वाढवला तरच वाढते, आणि घागर कोणी दर पंधरवड्याला जड करत नाही.

रबरी पट्टे मिळाले नाहीत तर अडू नये. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे बरोबर एक किलो. अर्धी भरली तर अर्धा. भार मोजून वाढवता येतो हा तिचा मोठा गुण.

आणि उष्णता. आमच्या मते सोलापूरसाठी रचलेल्या पुस्तिकेचे पहिले पान तिचेच असायला हवे, कारण एप्रिल-मे मध्ये इथला पारा चाळिशीच्या वर राहतो. व्यायाम पहाटे साडेपाचला किंवा रात्री आठनंतर. आधी थंड पाणी प्यावे, मानेवर आणि दंडावर ओले फडके ठेवावे. व्यायामाआधी अंग थंड करून घेतल्यास फायदा होतो असे लहान चाचण्यांत दिसले आहे. ओले फडके इथे का चांगले काम करते हे आठवीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल : एप्रिलमधली हवा कोरडी, बाष्पीभवन जलद, म्हणून उष्णता भराभर निघून जाते. तेच फडके ऑगस्टच्या दमट हवेत तितके थंड करणार नाही. आणि एक सूचना ठळक अक्षरांत हवी. व्यायामानंतर आलेली धूसरता अंग निवल्यावर तासाभरात, फार तर काही तासांत गेली, तर ती उष्णतेची. चोवीस तासांनंतरही टिकली तर तो रोगाचा नवा हल्ला असू शकतो. मग पुस्तिका मिटून चेतारोगतज्ज्ञाकडे जायचे. हा भेद कागदावर नसल्यामुळे एक तर माणूस घाबरून व्यायाम सोडतो, नाहीतर खऱ्या हल्ल्याकडे 'उन्हाचे असेल' म्हणून दुर्लक्ष करतो. दुसरी चूक अधिक महाग पडते.

इतके सगळे सांगितल्यावर एक इशारा आमच्याच बाजूला द्यायला हवा. स्थानिक परिस्थितीला जुळवून घेतले, घरच्यांना सामील केले म्हणजे यश आलेच, असे मानू नये. अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी भारतातच एक मोठी चाचणी झाली. 14 रुग्णालयांतील 1250 रुग्ण घेतले. निम्म्यांच्या घरच्या माणसांना रुग्णाचे व्यायाम घरी कसे करून घ्यायचे हे शिकवले, निम्म्यांना नेहमीचेच उपचार. कल्पना इतकी पटणारी होती की चाचणीची गरज काय, असेच कोणीही म्हणाले असते. निकाल 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला : सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत 47 टक्के. काहीही फरक नाही. तो रोग वेगळा, तिथे एकदम झालेली इजा असते, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा इथे लावता येत नाही. पण आम्हांला तरी त्यातून एक गोष्ट खटकली आहे. घरच्यांना शिकवून पाठवले की व्यवस्था आपली जबाबदारी संपली असे समजते. सून, बायको, आई हिच्यावर आणखी एक काम पडते, आणि ते झाले नाही तर दोषही तिचाच. अलाबामाच्या क्रमात फोन करणारा माणूस पगारी होता, हे आपल्याकडची भाषांतरे करताना कोणी लक्षात घेत नाही.

म्हणून सोलापुरात असे काही करायचे झाल्यास ते लहानच सुरू व्हावे, पण चाचणी म्हणून व्हावे. वीस-पंचवीस रुग्ण. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारे दोन पगारी फिजिओथेरपिस्ट. पडद्याचा आग्रह नको. साधा फोन चालेल, कारण व्हिडिओपुरती रेंज सगळीकडे सारखी मिळत नाही. एका गटाला बळ वाढवणारे व्यायाम, दुसऱ्याला हलके ताण, फोन दोघांना सारखेच. आणि प्रत्येक घरी एक साधा भिंतीवरचा तापमापक, दीडशे-दोनशे रुपयांचा. व्यायामाच्या वेळचे खोलीचे तापमान वहीत लिहायचे. अमेरिकेतील पुस्तिकांना या रकान्याची फारशी गरज पडली नसेल. त्यांच्या घरांत थंड हवेची यंत्रे असतात. इथे मात्र त्या एका रकान्यातून अशी माहिती मिळेल जी तिथल्या चाचण्यांतून मिळणार नाही : किती अंशांपर्यंत व्यायाम झेपतो, आणि त्यापुढे माणसे तो केव्हा सोडून देतात.

मंगळवेढ्याच्या बाईंनी ती वही आधीच सुरू केली आहे. शाळेतलाच एक जुना तापमापक त्यांनी माडीवर टांगला. चेतारोगतज्ज्ञांना दाखवून, त्यांच्या संमतीने, व्यायाम पहाटेवर नेला. मागच्या मे महिन्याची पाने त्यांनी आम्हांला दाखवली. पहाटे साडेपाचला पत्र्याच्या खोलीत 29 ते 31 अंश, दृष्टी ठीक, पाय ठीक. एका दिवशी पाहुणे आल्यामुळे उशीर झाला आणि साडेदहाला व्यायाम केला. 38 अंश, आणि पुढे लिहिले आहे, 'अकरा ते साडेबारा धूसर, नंतर गेले.' तीन दिवसांची पाने कोरी आहेत. का, म्हणून विचारले तर म्हणाल्या, "यात्रा होती सर. घरात चाळीस माणसं. व्यायामाला जागा कुठली?"